इतवाऱ्यातला माग आणि जपानची शर्यत

गेल्या महिन्यात चार दिवस बहिणीकडे बुऱ्हाणपूरला जाऊन आलो. बेळगावहून गोवा एक्स्प्रेसने भुसावळ, तिथे गाडी बदलून तासाभरात बुऱ्हाणपूर. गाव मध्य प्रदेशातले, पण मराठी सहज चालते. बहिणीचे घर इतवारा भागात. खाली यंत्रमाग, वर बिऱ्हाड. वडगाव-खासबागेत वाढलेल्या आम्हा भावंडांना मागाच्या खटखटाटात झोप छान लागते. "पोरीचं सासर बदललं, आवाज बदलला नाही," असे आई म्हणते.

या खेपेला मात्र बहिणीने घरात पाऊल टाकताच काळजी सांगितली. "दादा, चिरंजीवांना जपानला शर्यतीची गाडी चालवायला जायचंय. आणि हे म्हणतात, वेळ पडली तर केळीची दोन एकर विकू. तूच समजव दोघांना."

भाचा नववीत आहे. त्याने वहीत जपानच्या फॉर्म्युला फोर मालिकेच्या येत्या हंगामाचे वेळापत्रक लाल शाईने उतरवून ठेवले होते. मी इतिहास शिकवणारा माणूस. गाड्यांतले मला काय कळणार? पण भाचा चांगला मास्तर निघाला.

ही मालिका २०१५ साली सुरू झाली. एका माणसापुरती, उघड्या चाकांची गाडी; चालवणारे बहुतेक पंधरा ते वीस वर्षांचे. सांगाडा आणि इंजिन सर्वांना एकसारखे. त्यामुळे गाडीच्या नावाने खडे फोडायची सोय फारशी नाही. एकेका शर्यतीत तीसहून अधिक गाड्या सुटतात. फुजीच्या ट्रॅकवर जवळजवळ दीड किलोमीटरचा सरळ पट्टा आहे, तर सुझुकाचा ट्रॅक इंग्रजी आठच्या आकड्यासारखा स्वतःलाच पुलावरून ओलांडतो. युकी त्सुनोदा २०१८ साली इथे विजेता ठरला आणि २०२१ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये पोहोचला. म्हणजे ही शिडीची खालची पायरी. पण शिडी खरी.

"मामा, आता २०२४ पासूनची नवी गाडी बघा," भाचा म्हणाला. तिचा कार्बनचा सांगाडा तोरे उद्योगसमूहातल्या कंपनीचा. हे नाव ऐकून मी सावरून बसलो. तोरे ही मुळात १९२६ साली रेयॉनचा धागा काढण्यासाठी निघालेली कंपनी. आणि कार्बनचा सांगाडा म्हणजे तरी काय? काळ्या धाग्याचे विणलेले कापड थरावर थर देऊन, राळेत भिजवून, भट्टीत कडक केलेले!

मग मास्तरकी माझ्याकडे आली. सुझुकी कंपनीची सुरुवात १९०९ साली मागाच्या कारखान्याने झाली. टोयोटाचे मूळही मागातच. साकिची तोयोदांनी १९२४ साली स्वयंचलित माग पूर्णत्वाला नेला. धागा तुटला की तो आपोआप थांबे. त्याचे हक्क १९२९ मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्सना विकले गेले, आणि पुढे १९३३ साली मुलगा किइचिरोने त्याच मागाच्या कारखान्यात मोटारींचा विभाग काढला. भाचा डोळे विस्फारून खालच्या मागांकडे बघत होता.

रात्री जेवणानंतर सगळे बसलो. मी हिशेब मांडला. जपानमध्ये होंडा आणि टोयोटा होतकरू मुलांना हेरतात, शिकवतात, खर्चाचा भार उचलतात. त्सुनोदाही होंडाच्या सुझुकातल्या रेसिंग शाळेतूनच पुढे आला. आपल्याकडे हा भार बहुधा घरावर येतो, आणि परदेशातल्या एका हंगामाला कोटीची भाषा करावी लागते. दोन एकर केळी त्यात एका पावसाळ्यात वाहून जाईल. पण म्हणून स्वप्न खोटे ठरत नाही. कोईमतूरचा नरेन कार्तिकेयन २००५ मध्ये फॉर्म्युला वनमध्ये उतरला, पुढे जपानच्या सुपर फॉर्म्युलात अनेक हंगाम धावला. आपल्या शेजारच्या कोल्हापूरचा कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीमध्ये खेळला. कोल्हापुरातच मोहिते रेसिंग अकादमीच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धेच्या फेऱ्या झाल्या आहेत. भारताची स्वतःची फॉर्म्युला फोर मालिकाही २०२३ पासून सुरू झाली. जपान ही पहिली पायरी नव्हेच.

भावोजी गप्प होते. मग हळूच म्हणाले, "मला बारावीनंतर पुण्याला शिकायला जायचं होतं. बाबांनी माग सोडू दिला नाही. मला याला 'नाही' म्हणायचं नव्हतं, एवढंच." बहिणीने पदर डोळ्यांना लावला. समोर बसलेल्या तिच्या सासऱ्यांनी मान खाली घातली.

बऱ्याच वेळाने तेच म्हणाले, "धागा तुटूनही माग चालू राहिला, तर कापडात रेघ पडते. व्यापारी भाव पाडतो. माग चालवावा, पण कुठं थांबवायचा ते आधी ठरवावं."

त्या रात्री ठरले ते असे. दिवाळीच्या सुट्टीत भाचा बेळगावला येईल. मी त्याला कोल्हापूरला कार्ट चालवायला नेईन. वेळेची नोंद तो स्वतः ठेवील. दहावी सुटणार नाही. वर्षाला किती पैसे घालायचे तो आकडा भावोजींनी त्याच वहीत, लाल वेळापत्रकाखाली निळ्या शाईने लिहिला. शेताला हात लावायचा नाही. आणि दोन वर्षांनी पुन्हा बसायचे. तेव्हाही मन गाड्यांतच असले तर यंत्र अभियांत्रिकीचा रस्ताही बघायचा. शर्यतीत चालवणारा एक असतो. गाडी उभी करणारे कितीतरी.

परतल्यावर हे सगळे आईला सांगितले. ती म्हणाली, "नोडोण." आपल्या सीमाभागातल्या घरांत या शब्दाचा अर्थ सांगावा लागत नाही. तो होकार नसतो, नकारही नसतो. लहानपणी मला त्याचा राग यायचा. आता वाटते, 'बघू' म्हणणाऱ्याने खरेच बघायला बसावे, वही-पेन घेऊन. मुलांना बहुतेक वेळा एवढेच हवे असते.

भाच्याचा काल फोन आला होता. "मामा, दिवाळीला किती दिवस राहिले?"