गच्चीवरची छत्री

हार्बर मार्गाच्या लोकलमधून गोवंडी, मानखुर्दच्या बाजूनं जाताना पत्र्यांच्या छपरांवरची एक गोष्ट नजरेत भरते. घरं जागा मिळेल तशी उभी राहिलेली, एकाचं दार दुसऱ्याच्या पाठीला टेकलेलं. पण छपराछपरांवरच्या डिश मात्र सगळ्या आग्नेयेच्या आकाशाकडे टक लावून बसलेल्या. जरा पुढं चेंबूरच्या नव्या टॉवरकडे मान वळवावी, तर काचेच्या भिंतींवर एकही डिश दिसत नाही. तिथं टीव्ही नाही असं नव्हे. तो फायबरच्या तारेतून भिंतीच्या आतून येतो. तीस-बत्तीस वर्षांपूर्वी हेच चित्र नेमकं उलटं होतं. डिश असायची ती मोठ्या हॉटेलांच्या आणि पैसेवाल्यांच्या गच्चीवर, आणि मान वर करून ती पाहणारे आपण खाली. एखादी वस्तू आपल्या डोळ्यांदेखत श्रीमंतीची खूण होती ती गरिबीची खूण व्हावी, असं फार वेळा घडत नाही. टेरिलीनच्या शर्टाचं तसं झालं होतं म्हणा.

गंमत अशी, की भारतातल्या पहिल्यावहिल्या डिश श्रीमंतांच्या नव्हत्याच. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असं वर्षभर ‘साइट’ नावाचा प्रयोग चालला. नासाचा एटीएस-६ हा उपग्रह भारतानं वर्षापुरता वापरायला घेतला आणि आंध्र, कर्नाटक, ओरिसा, बिहार, मध्य प्रदेश व राजस्थान या सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत थेट आकाशातून टीव्ही उतरला. महाराष्ट्र त्यात नव्हता. त्या डिश दहा फूट रुंद होत्या आणि त्यांना कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसली जाळी होती. ती स्वस्त, हलकी आणि गावातल्या माणसाला दुरुस्त करता येईल अशी. ज्या आर्थर क्लार्कनं १९४५ मध्येच अशा स्थिर उपग्रहांची कल्पना लेखातून मांडली होती, त्याच्या कोलंबोच्या घरीही या प्रयोगाच्या निमित्तानं इस्रोच्या अभियंत्यांनी डिश बसवून दिली होती. म्हणजे क्लार्कचं घर आणि ओरिसातल्या खेड्यातली शाळा, दोघांचा उपग्रह एकच. वर्ष संपलं, नासानं उपग्रह परत नेला आणि बहुतेक गावांतले पडदे काळे झाले. त्या प्रयोगाविरुद्ध संस्कृती बुडाल्याची ओरड मोठ्यानं झाल्याचं माझ्या वाचनात नाही. डिश सरकारची होती, गावाच्या शाळेत होती आणि तिच्यावर शेतीची माहिती लागत होती. कुणाला कशाची भीती वाटणार?

भीती सुरू झाली १९९१ पासून. जानेवारीत आखाती युद्ध पेटलं आणि मोठ्या हॉटेलांतल्या डिशवर सीएनएननं बगदादवरचे बॉम्ब थेट दाखवले. त्याच वर्षी हाँगकाँगहून स्टार टीव्ही सुरू झाला, पुढच्या वर्षी २ ऑक्टोबरला झी टीव्ही आला. आठ ते बारा फुटांची डिश सामान्य माणसाला परवडणारी नव्हती. पण ज्याच्याकडे एक डिश, त्याच्याकडे शंभर घरं, असं गणित गल्लीगल्लीतल्या पोरांनी मांडलं. गच्चीवरून गच्चीवर, नारळाच्या झाडावरून विजेच्या खांबावर काळ्या तारा धावू लागल्या.

हा काळ मी बँकेच्या बाजूनं पाहिला. कल्याणजवळच्या एका शाखेत मी तेव्हा कर्जांचं काम पाहत असे. १९९३ मध्ये प्रधानमंत्री रोजगार योजना आली. सुशिक्षित बेरोजगारांना व्यवसायासाठी कर्ज. शिलाई यंत्र, झेरॉक्स, पिठाची गिरणी अशा अर्जांच्या गठ्ठ्यात एक अर्ज निघाला : ‘डिश अँटेना नग १, एलएनबी नग १, रिसीव्हर नग ४, मॉड्युलेटर नग ४, वायर बंडलं.’ शाखा व्यवस्थापक जुन्या वळणाचे. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून विचारलं, ‘अहो, उद्या हप्ते थकले तर ही परात जप्त करून ठेवायची कुठं?’ प्रश्न रास्त होता. शाखेच्या दारातून ती आत शिरली नसती.

शिवाय धंदा कायद्यात बसतो की नाही, हेही कुणी छातीठोक सांगू शकत नव्हतं. केबलचा स्वतंत्र कायदा १९९५ मध्ये झाला. तोवर आधार होता तो १८८५ च्या तार कायद्याचा, म्हणजे ज्या काळात आकाशातून निरोप आणायला कबुतरंच होती त्या काळाचा. तरी कर्ज मंजूर झालं. नियमाप्रमाणे नजरगहाण मालावर बँकेचं नाव हवं. ट्रॅक्टरवर असतं, रिक्षावर असतं. डिशवर नंबर नाही, पाटी नाही. तेव्हा पेंटर बोलावला आणि डिशच्या पाठीवर हातभर अक्षरांत ‘आमच्या बँकेकडे नजरगहाण’ असं लिहून घेतलं. स्टेशनच्या पुलावरून ते स्पष्ट वाचता येई. मी तपासणीला जिना चढून गेलो, की तो मुलगा आधी डिशवरची कबुतरं हुसकून लावायचा आणि मग मला खुर्ची द्यायचा. सांगायचं म्हणजे, त्या योजनेतली माझ्या हातची बरीच कर्जं पुढं बुडाली. याचा हप्ता एकदाही चुकला नाही. दरमहा पंच्याहत्तर रुपये तो घरोघर जाऊन गोळा करी आणि ते बहुतेक घरांत गृहिणी देत असत, दुधाच्या बिलाच्या आधी.

त्याच दिवसांत व्याख्यानमालांतून ‘आकाशातून होणारं सांस्कृतिक आक्रमण’ हा विषय हमखास असे. वक्ते कळकळीनं बोलत. मुलांचा अभ्यास बुडेल, ‘सांता बार्बरा’ आणि ‘द बोल्ड अँड द ब्युटिफुल’ पाहून घरं मोडतील, मराठी तर औषधालाही उरणार नाही. यातलं सगळंच खोटं ठरलं असं मी म्हणणार नाही. जाहिरातींनी आमच्या मुलांच्या मागण्या वाढवल्या, हे पगाराच्या पाकिटाला लगेच कळलं. पण मराठीचं भाकीत मात्र पार चुकलं. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं खरं, पण त्याच्या मनोऱ्याचा पल्ला संपला की मराठी कार्यक्रम संपत. इंदूरच्या, बडोद्याच्या, बेळगावच्या मराठी घराला स्वतःची भाषा टीव्हीवर ऐकायला मिळाली ती उपग्रहामुळंच. १९९४ मध्ये दूरदर्शनची मराठी उपग्रह वाहिनी आली, १९९९ मध्ये अल्फा मराठी, २००० मध्ये ई टीव्ही मराठी. जिला घराबाहेर ठेवायचं म्हणून सभा भरल्या, तिनंच इंदूरच्या आजीला मराठी बातम्या ऐकवल्या.

सरकारची भीती आणखी वेगळी होती. मोठी डिश केबलवाल्याकडे असे. त्याला बोलावता येई, दमात घेता येई, त्याची वायर कापता येई. पण नव्या केयू बँडची डिश दोन-अडीच फुटांची, ती ज्याच्या त्याच्या खिडकीत बसणार. मध्ये कुणी नाही, मग पकडायचं कुणाला? १९९७ मध्ये सरकारनं घरोघरच्या या थेट सेवेवर बंदीच घातली. ती उठली २००० च्या अखेरीस. आपण यात एकटे नव्हतो. इराणनं नव्वदच्या दशकात डिशविरुद्ध कायदाच केला. अमेरिकेत भांडण उलटं : तिथं वसाहतींच्या संघटना शोभेच्या नावाखाली डिश लावू देत नसत, तेव्हा १९९६ मध्ये सरकारनं नियम करून एक मीटरपर्यंतच्या डिशला स्वतःच्या जागेत आडकाठी करता येणार नाही असं ठरवलं. कुठं राज्यकर्ते घाबरले, कुठं शेजारी.

आपल्याकडे पहिली खाजगी थेट सेवा २००३ च्या ऑक्टोबरात आली आणि डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शननं आपली फुकटची. आजची ‘फ्री डिश’ ती हीच. एकदा डिश नि डबा घेतला की महिन्याचं बिल नाही. जिथं केबल पोहोचली नव्हती, अशा वाड्यावस्त्यांवर ती पोहोचली. कोकणात आमच्या गावी मी प्रथम पाहिली ती मांगरावर. शेजारीच जुन्या केबलवाल्याची बारा फुटी डिश उताणी पडली होती आणि तिच्या जाळीवर दोडक्याचा वेल चढवला होता. भरघोस दोडकी लागली होती. फक्त ही लहान डिश जुलैत रुसते. केयू बँडच्या लहरी जोराचा पाऊस शोषून घेतो; आधी चित्राचे चौकोन होतात, मग पडदा निळा. (बँकांच्या खेड्यातल्या शाखाही अशाच डिशवर चालत. ‘लिंक नाही’ ही पाटी पाहून गिऱ्हाईक आमच्यावर खेकसे. पण बऱ्याचदा दोष वर ढगात असे.)

आणि मग आलं हाय डेफिनिशन. जपानच्या एनएचकेनं त्याच्या संशोधनाला हात घातला तो १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकनंतर. आपल्याकडे पोचायला २०१० उजाडलं. ऑक्टोबरातल्या दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धा दूरदर्शननं एचडीत दाखवल्या. मराठी वाहिन्यांची एचडी रूपं आली २०१६ मध्ये. फरक सांगायचा तर आपलं जुनं चित्र दिसण्याजोग्या ५७६ ओळींचं, एचडी १,०८० ओळींचं. क्रिकेटच्या चेंडूची शिवण दिसू लागली, तसे नटनट्यांच्या मेकअपचे थरही. ‘इतकं काय बघायचंय माणसाचं तोंड?’ असं आमच्या घरात एकानं म्हणून घेतलं.

ज्या डिशवरून दहा वर्षं वाद घातले, तिच्यावर येणारं चित्र दुप्पट स्वच्छ झालं तेव्हा एकही व्याख्यान झालं नाही. लोकांनी सणाच्या सवलतीत पडदे मोठे घेतले आणि त्यावर जुनंच चित्र ताणून पाहिलं. घरोघरी वृत्तनिवेदक वर्षभरात गुबगुबीत झाले. विचारलं तर म्हणत, ‘दिसतंय ना? मग झालं.’ मला मात्र यात बँकेतला हिशेब दिसतो. २०१९ मध्ये दूरसंचार नियामकानं नवी दररचना आणली : १३० रुपये अधिक कर भरून शंभर वाहिन्या, आणि त्यात एक एचडी वाहिनी मोजायची ती दोन साध्या वाहिन्यांइतकी. म्हणजे स्वच्छ दिसण्याची किंमत कागदावर आली. फ्री डिशवर बहुतेक वाहिन्या आजही साध्याच चित्राच्या आहेत. संस्कृतीची चिंता करताना आपण कधी विचारलं नाही, की कुणाला धूसर दिसणार आणि कुणाला लख्ख.

निवृत्त बँकवाल्याच्या नशिबी सोसायटीचं खजिनदारपद असतंच. मागच्या वर्षी आमच्या इमारतीला रंग काढायचा ठरला. वास्तुविशारदानं सांगितलं, बाहेरच्या भिंतीवरच्या डिश उतरवा, विद्रूप दिसतं. चौसष्ट सदनिकांत डिश उरल्या होत्या अकरा. त्या कुणाच्या हे पाहिलं : भाडेकरूंच्या सात, एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या तीन आणि वॉचमनच्या केबिनवरची एक. सर्वसाधारण सभेत एकानं ठणकावलं, ‘सोसायटीची प्रतिष्ठा आहे की नाही?’ माझ्याकडे जुनी इतिवृत्तं असतात. १९९२ चं काढून वाचलं. त्या वर्षी केबलवाल्याला गच्चीवर डिश लावू देण्याचा ठराव एकमतानं झाला होता आणि कारण लिहिलं होतं, ‘सोसायटीच्या प्रतिष्ठेत भर पडेल.’ मोबदला म्हणून कमिटीच्या पाच सभासदांना जोडणी मोफत.

हशा झाला, पण ठराव पुढं सरकलाच. कुणी म्हणालं, सगळ्यांनी इंटरनेटवर पाहावं, आता डिश लागते कुणाला? त्यावर दुसऱ्या मजल्यावरच्या काकू उठल्या. वय ब्याऐंशी. म्हणाल्या, ‘माझा मुलगा नागपूरला. ते इंटरनेट बंद पडलं की त्याला फोन करायचा, मग त्याला ओटीपी येणार, तो मीटिंगमध्ये असणार. माझं काय म्हणणं आहे, एक बटण दाबलं की सह्याद्री लागलं पाहिजे. मला एवढंच येतं.’ सभेत कुणी बोलेना. गुडघ्यांमुळं त्यांना जिना उतरता येत नाही. सकाळ-संध्याकाळ जी माणसं भेटतात ती त्या पडद्यावरच.

शेवटी गच्चीच्या कठड्याला लोखंडी स्टँड करून दहा डिश ओळीनं बसवायच्या असं ठरलं. खर्च ज्याचा त्यानं करायचा. वॉचमनच्या डिशचं नाव कुणी घेतलं नव्हतं. तो उत्तर प्रदेशातला, रात्रपाळीचा. फ्री डिशवर भोजपुरी सिनेमे लावतो, आणि शनिवारी आमचीच तीन-चार मुलं त्याच्या केबिनमध्ये सापडतात. इतिवृत्त मीच लिहितो. विषय क्रमांक सातखाली लिहिलं : ‘केबिनवरील डिश पंपाच्या खोलीच्या छपरावर हलवावी. वायर अंदाजे पंचवीस मीटर. खर्च किरकोळ खर्चात टाकावा. सूचक : दुसऱ्या मजल्यावरील सभासद. अनुमोदक : खजिनदार.’