क्रीडापानाचे गावकूस

वर्तमानपत्रातले सगळ्यांत निरुपद्रवी पान म्हणून क्रीडापानाकडे पाहिले जाते. अग्रलेखातला वर्गस्वार्थ आपले कार्यकर्ते बरोबर हेरतात. क्रीडापान मात्र कुणी तपासत नाही. तेथे धावा असतात, गोल असतात. आकड्यांना कसली आली जात, असा एकूण समज. पण कोणाच्या धावा छापायच्या आणि कोणाची चढाई वगळायची, हे कुणीतरी ठरवीत असते. त्या ठरवण्यामागे एक व्यवस्था आहे आणि तिलाही गावकूस आहे.

अलीकडचेच उदाहरण घेऊ. १९ जानेवारी २०२५, रविवार. दिल्लीच्या इंदिरा गांधी इनडोअर स्टेडियममध्ये पहिल्या खो-खो विश्वचषकाचे अंतिम सामने झाले. भारतीय महिलांनी नेपाळला ७८-४० असे हरवले, पुरुषांनी नेपाळलाच ५४-३६ असे. महिलांची कर्णधार प्रियंका इंगळे, पुरुषांचा प्रतीक वाईकर; दोघेही महाराष्ट्राचे. खेळही येथलाच, १९१४ साली पुण्याच्या डेक्कन जिमखान्यावर ज्याचे नियम बांधले गेले तो. मराठी वर्तमानपत्रांनी यापेक्षा अधिक काय मागावे? पण आदल्याच दिवशी मुंबईत चॅम्पियन्स करंडकासाठी क्रिकेटचा संघ जाहीर झाला होता, आणि त्याच रविवारी वानखेडे स्टेडियमच्या पन्नाशीचा सोहळा होता. माझ्याकडे येणाऱ्या दोन दैनिकांत विश्वचषकाची बातमी आली, आलीच नाही असे म्हणणार नाही. पण जो संघ अजून एक चेंडूही खेळला नव्हता, त्यात कोणाला घेतले आणि कोणाला वगळले याची चर्चा जिंकलेल्या दोन संघांपेक्षा जास्त दिवस चालली. नोव्हेंबर २०२५ मध्ये भारतीय महिलांनी ढाक्यात कबड्डीचा विश्वचषक जिंकला. त्यानंतर मी वर्गात विचारले, या संघातल्या एका खेळाडूचे नाव सांगा. साठ मुलांच्या वर्गात दोन हात वर झाले. दोन्ही मुली खारदांड्याच्या, दोघी कबड्डी खेळणाऱ्या.

चिडणे सोपे आहे. मीही चिडतो. पण पान भरते कसे, हे समजल्याखेरीज त्या चिडण्याला अर्थ नाही.

पानावर आधी जाहिरात बसते. उरते ती जागा बातमीची. रात्री टेबलावर दोन-तीन माणसे असतात. क्रिकेटचा मजकूर वृत्तसंस्थेकडून तयार येतो, छायाचित्रासह, आकडेवारीसह. कबड्डीचा निकाल मंडळाचा चिटणीस फोनवर कळवतो, नावे अर्धवट, गुण अंदाजे. थकलेला उपसंपादक काय उचलील, हे सांगायला नको. येथे त्याच्या मनात द्वेष असण्याचीही गरज नाही. विषमता एकदा कामाच्या पद्धतीत मुरली की ती चालवायला दुष्ट माणसे लागत नाहीत.

दुसरी गोष्ट पैशाची. आयपीएलच्या २०२३ ते २०२७ या पाच हंगामांचे प्रक्षेपणाचे हक्क २०२२ साली ४८,३९० कोटी रुपयांना विकले गेले. क्रिकेटच एवढे का विकले जाते? षटक संपले की खेळ थांबतो, गडी बाद झाला की थांबतो, आणि प्रत्येक थांब्यात साबण विकता येतो. वीस षटकांच्या एका सामन्यात अशी चाळीस षटके. कबड्डीचा सामना वीस-वीस मिनिटांच्या दोन डावांचा, चढाई तीस सेकंदांची. श्वास रोखून धरायला लावणारा खेळ विकणाऱ्याला श्वास घेऊ देत नाही, ही त्याची अडचण.

'लोकांना हवे तेच आम्ही देतो' हा संपादकांचा ठरलेला बचाव. तो २०१४ सालीच मोडीत निघाला. त्या वर्षी प्रो कबड्डी सुरू झाली आणि पहिल्याच हंगामाला ४३ कोटींहून अधिक प्रेक्षक लाभल्याचे आकडे प्रसिद्ध झाले. म्हणजे आवड होतीच, कॅमेरा नव्हता. अर्थात यावरून हुरळून जाण्याचे कारण नाही. कॅमेरा आला तो लिलावातल्या संघांवर आणि मालक नटांवर. गल्लीतले मंडळ होते तेथेच राहिले.

ते मंडळ कोठे आहे ते पाहू. खारदांडा म्हणजे कोळीवाडा आणि त्याला चिकटून दाटलेल्या वस्त्या. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला खारचे उंच टॉवर. खार जिमखाना चालत जाण्याच्या अंतरावर. पण तेथे पोचायला पाय पुरत नाहीत, सभासदत्व लागते. मुली सराव करतात तो दिवसभराची वर्दळ ओसरल्यावर, मिळेल त्या मोकळ्या जागेत, बल्ब टांगून. गेल्या साली त्यांनी एक आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा जिंकली. मी निकाल स्वतः एका दैनिकाच्या कार्यालयात नेऊन दिला. चौथ्या दिवशी पाच ओळी आल्या. त्यांत उद्घाटक नगरसेवकांचे नाव होते, प्रमुख पाहुण्यांचे होते, आभारप्रदर्शन करणाऱ्याचे होते. जिंकणाऱ्या सात जणींपैकी एकीचेही नव्हते. "सर, आमची नावं कुठायत?" असे कर्णधार मुलीने विचारले. तिची आई पहाटे मासळीच्या लिलावाला जाते. मुलीला खेळाडूंच्या राखीव जागेतून पोलिसात जायचे आहे. कात्रणाने नोकरी मिळत नाही, प्रमाणपत्राने मिळते, हे खरे. पण बूट देणारा पुरस्कर्ता आणि निवड समितीवरचा माणूस आधी नाव ऐकलेल्याकडेच वळून पाहतो.

मग टेबलावर बसते कोण? ऑक्सफॅम इंडिया आणि न्यूजलाँड्री यांनी २०१९ साली केलेल्या पाहणीत वृत्तमाध्यमांतल्या नेतृत्वाच्या १२१ जागांपैकी १०६ सवर्णांकडे आढळल्या. अनुसूचित जाती-जमातींचा एकही माणूस त्यांत नव्हता. ज्याने खो-खो शाळेच्या तासापुरताच पाहिला, त्याला त्यात बातमी दिसणार कशी?

दिसू शकते, याचाही दाखला इतिहासात आहे. चांभार समाजातले बाळू पालवणकर पुण्यात गोऱ्यांच्या क्लबात मैदानाची कामे करीत, नेटमध्ये साहेबांना गोलंदाजी टाकीत. हिंदूंच्या संघात आले तेव्हा चहा बाहेर, मातीच्या भांड्यात. १९०६ साली हिंदूंनी मुंबईत युरोपियनांना हरवले, तेव्हा 'इंडियन सोशल रिफॉर्मर'ने त्या विजयाचा संबंध थेट जातीच्या प्रश्नाशी जोडला. ते सुधारकांचे पत्र होते, क्रीडापान नव्हे, हे ध्यानात घ्यावे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात बाळूंनी ११४ बळी घेतले, तरी कर्णधारपद त्यांच्या वाट्याला आले नाही. १९२० साली या अन्यायाविरुद्ध त्यांचे भाऊ शिवराम आणि विठ्ठल संघाबाहेर पडले. १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले. एवढी मोठी गोष्ट, पण रामचंद्र गुहांचे पुस्तक २००२ साली येईपर्यंत क्रिकेटवेड्या मुंबईत किती जणांना ठाऊक होती? आपल्याबद्दलही बोलले पाहिजे. १९३७ च्या निवडणुकीत बाळू काँग्रेसच्या वतीने बाबासाहेबांविरुद्ध उभे राहिले आणि पडले. ते विसरू नये. पण तेवढ्यासाठी त्यांचे मैदानावरचे काम चळवळीनेही बाजूला ठेवले, हे काही बरे झाले नाही.

ते काम पुन्हा हाती लागले, कारण धावफलक शिल्लक होते. क्रिकेट आपले कागद जपते. गल्लीतली कबड्डी जपत नाही. अंतिम सामन्याचा गुणतक्ता दुसऱ्या दिवशी वडापावाला गुंडाळलेला सापडतो. म्हणून दांड्याच्या मुलींनी एक लांब वही घातली आहे. प्रत्येक सामन्याची तारीख, सातही जणींची पूर्ण नावे, चढाईचे गुण, पकडीचे गुण, पंचांची सही. निकाल दैनिकांना पाठवताना आता पाहुण्यांची नावे लिहितच नाहीत, म्हणजे छापायला खेळाडूंखेरीज काही उरत नाही. तीनदा पाठवले, एकदा सातही नावे आली, त्यातली दोन चुकीची. चुकीच्या नावांबद्दल दुसऱ्या दिवशी पत्र गेले. वही मंडळाच्या खोलीत, कॅरम बोर्डाच्या मागे असते. आपल्या भागात असे काही सुरू करायचे असेल त्यांनी संध्याकाळी सातनंतर येऊन रकाने कसे आखलेत ते पाहून जावे.