सोनोग्राफीत न दिसणारी पोटदुखी

आठ-नऊ वर्षांचे मूल महिनाभर पोट दुखते म्हणते. जंतांचे औषध देऊन झालेले असते, लघवीची तपासणी आणि सोनोग्राफी नॉर्मल. बोलता बोलता आई सांगते, की कधीच सुटलेली अंथरूण ओले करण्याची सवय पुन्हा लागली आहे आणि शिकवणीचे नाव काढले की मूल रडते. अशा बहुतेक पोटदुखींमागे बद्धकोष्ठता किंवा शाळेची धास्ती निघते, हे आधीच सांगायला हवे. काही मुलांच्या बाबतीत मात्र तोंडाने सांगता न येणारी गोष्ट शरीर सांगत असते.

केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये १३ राज्यांतील १२,४४७ मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. त्यांतील निम्म्याहून अधिक, ५३ टक्के मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचे लैंगिक शोषण झाल्याचे सांगितले. त्यात मुलगेही होते. शोषण करणारी माणसे बऱ्याचदा ओळखीची, विश्वासातली होती. मुले गप्प राहतात ती यामुळेच. ज्याला घरात चहा दिला जातो, त्याच्याविरुद्ध मूल बोलणार कसे?

यात सर्वांत घातक गैरसमज वैद्यकीय तपासणीबद्दल आहे. ‘डॉक्टरांनी तपासले, काही निघाले नाही, म्हणजे मूल खोटे बोलते,’ असे नातेवाईकच नव्हे, शिकलेले लोकही म्हणतात. प्रत्यक्षात अत्याचार झालेल्या बहुतांश मुलांच्या शरीरावर खूण सापडत नाही. नुसत्या स्पर्शाने जखम होत नाही, आणि झालीच तर नाजूक त्वचा काही दिवसांत भरून येते. मुलाचे सांगणे हाच महत्त्वाचा पुरावा असतो. मारहाणीत उलट खुणा दिसतात, पण जागा पाहावी लागते. गुडघे-नडग्या खेळताना फुटतातच. कान, मान, पाठ यांवरचे वळ वेगळे. आणि अजून रांगतही नसलेल्या बाळाच्या अंगावर काळानिळा डाग असेल, तर ‘पडले असेल’ हे उत्तर पुरत नाही.

परिणाम बालपणापुरते राहत नाहीत. कॅलिफोर्नियात हजारो प्रौढांवर झालेल्या आणि १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, बालपणी असे जितके प्रकारचे आघात अधिक, तितके पुढे नैराश्य, व्यसन आणि हृदयविकारही अधिक आढळले. हे प्रत्येकाचे भविष्य नव्हे, धोका आहे. वेळेवर विश्वास ठेवणारे एक मोठे माणूस मिळाले, तर तो कमी होतो.

१४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू असलेल्या पोक्सो कायद्यानुसार, १८ वर्षांखालील मुलाचे लैंगिक शोषण झाल्याचे समजल्यावर पोलिसांना न कळवणे हाच गुन्हा आहे. डॉक्टरही त्यातून सुटत नाहीत. चंद्रपूर जिल्ह्यातील राजुरा येथे वसतिगृहातील आदिवासी मुलींच्या प्रकरणात, माहिती असून न कळवल्याचा आरोप असलेल्या डॉक्टरवरील गुन्हा उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने रद्द केला होता. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२२ मध्ये तो निकाल फिरवला.

घराण्याची अब्रू आणि पोलीस ठाण्याच्या पायऱ्या यांची भीती खरी आहे. म्हणूनच कायद्यात तजवीज आहे: जबाब मुलाच्या घरी घेता येतो, पोलीस गणवेशात नसावेत, रात्री मुलाला ठाण्यात ठेवता येत नाही, नाव छापता येत नाही. मुलीची तपासणी महिला डॉक्टरनेच करायची, तीही विश्वासातल्या माणसासमोर. एफआयआर नसला तरी तपासणी करता येते, आणि उपचार खासगी रुग्णालयातही मोफत व ताबडतोब मिळाले पाहिजेत. ‘आधी पोलिसांचा कागद आणा’ म्हणून परत पाठवणे बेकायदा आहे.

मूल बोलले, तर खोदून खोदून विचारू नये. त्याचेच शब्द लिहून ठेवावेत. घटना ताजी असेल तर अंघोळ घालण्याआधी रुग्णालय गाठावे, कारण नमुने साधारण ९६ तासांच्या आतच उपयोगी ठरतात. अंगावरचे कपडे न धुता कागदी पिशवीत ठेवावेत, प्लॅस्टिकच्या नको. त्यात ओल राहून नमुने खराब होतात. कुठे जावे हे सुचेना, तर १०९८ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो.