मिनिकॉयला जाऊन आलो: प्रवाळ आहे तर टूना आहे



कोचीहून जहाजाने आम्ही लक्षद्वीपच्या दक्षिण टोकाला, मिनिकॉय बेटावर जाऊन आलो. परवाना आधीच काढावा लागतो. पर्यटक तिथलं निळंशार लगून आणि १८८५ चं दीपगृह बघतात. आम्ही मात्र होड्याच बघत बसलो!

तिथे टूना, म्हणजे आपला कुपा, काठीला गळ बांधून धरतात. आधी लगूनमध्ये प्रवाळाजवळची बारीक मासळी पकडायची, होडीतल्या टाकीत जिवंत ठेवायची. बाहेर टूनाचा कळप दिसला की ती फेकायची आणि पाण्याचे फवारे मारायचे. टूना खवळून गळावर तुटून पडतो. गळाला उलटा काटा नसतो, त्यामुळे मासा होडीत आपोआप सुटतो. कासवं, नको ती मासळी जवळपास येतच नाही.

पण सगळं प्रवाळावर अवलंबून. १९९८, २०१० आणि २०१६ साली पाणी तापून लक्षद्वीपचं प्रवाळ पांढरं पडलं. प्रवाळ गेलं की बारीक मासळी गेली, मग गळाला लावणार काय?

आपल्या ग्रँड आयलंडजवळही प्रवाळ आहे. पर्यटकांना तिकडे नेणाऱ्या भावांनो, नांगर वाळूत टाका, प्रवाळावर नको. पोट त्याच्यावरच आहे.