लेवांडोव्स्की: अख्ख्या सिनेगॉगला गायला लावणारा माणूस

आजचा भाग ज्यू संगीतकार आणि कॉयर कंडक्टर लुई लेवांडोव्स्कीवर. जन्म १८२१ चा, आजच्या पोलंडमधल्या व्झेश्न्या गावचा. लहान वयातच तो बर्लिनला आला आणि तिथल्या कला अकादमीत शिकला.

आता मुद्दा बघा. तेव्हा सिनेगॉगमध्ये प्रार्थना गायचा तो मुख्यतः खझान. साथीला कोवळ्या आवाजाचा एक मुलगा आणि खर्जातला एक गायक. चाली बऱ्याचशा कानावरून चालत आलेल्या. लेवांडोव्स्कीने त्या नोटेशनमध्ये नीट बांधल्या, चार आवाजांच्या कॉयरसाठी रचना केल्या.

१८६६ मध्ये बर्लिनचं नवं सिनेगॉग उघडलं. साधारण ३,२०० जागा, आणि चक्क ऑर्गन! शब्बाथला वाद्य वाजवायचं का, यावर ज्यू समाजात कडाक्याचा वाद होता. इंजिनिअर म्हणून मला त्याची युक्ती इथे फार आवडते: ‘तोदा व्झिम्रा’ या संग्रहात त्याने ऑर्गन ऐच्छिक ठेवला. असेल तर वाजवा, नसेल तर नुसत्या गळ्यांवर गाणं उभं राहतं. त्याआधी, १८७१ च्या संग्रहात तर एक-दोन आवाजांच्या सोप्या चाली, म्हणजे साध्या भाविकालाही गाता यावं.

१८९४ मध्ये तो गेला. पुढे १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात ते सिनेगॉग जळलं. गाणाऱ्या समाजाला नाझींनी मारलं किंवा देशोधडीला लावलं. पण चाली वह्यांतून, गळ्यांतून बाहेर पोचल्या होत्या. आजही शुक्रवारी संध्याकाळी वेगवेगळ्या देशांत त्या गायल्या जातात, पुष्कळदा ऑर्गनशिवायच. नक्की ऐका आणि कसं वाटलं ते कळवा!