देवनार: पोटात आग असलेला डोंगर

मुंबईत हार्बर मार्गावर गोवंडीला उतरून घाटकोपर–मानखुर्द लिंक रोड ओलांडला की शिवाजी नगर आणि बैंगणवाडीच्या आखीव गल्ल्या सुरू होतात. 1970च्या दशकात शहरातून उठवलेल्या झोपडीवासीयांना इथे दहा बाय पंधरा फुटांचे तुकडे मिळाले. त्या तुकड्यांवर आता दोन-दोन, तीन-तीन मजले चढलेत, माळ्यावर जरीकाम नाहीतर शिलाई चालते. गल्ली संपते तिथे एक करडा उतार आडवा येतो आणि वर घारी घिरट्या घालत असतात. हेच देवनारचं डम्पिंग ग्राउंड. महापालिकेच्या कागदात ‘क्षेपणभूमी’, कचरा वेचणाऱ्यांच्या तोंडी नुसतं ‘खाडी’. पलीकडे ठाण्याची खाडीच आहे.

सुमारे 132 हेक्टर जागा, काही ठिकाणी 40 मीटरपर्यंत चढलेले ढीग, आणि वय शंभरीच्या घरात. सरकारदरबारी 1927 हे साल सांगतात, पण मुंबईचा कचरा इकडे त्याआधीपासून येतोय. 1896च्या प्लेगने शहर हादरलं आणि घाण शहराबाहेर, लांब दलदलीत नेऊन टाकायची असं ठरलं. कुर्ला–चेंबूर रेल्वेमार्गावर आधी कचऱ्याच्या वाघिणी धावल्या, माणसं 1924 पासून. आज चेंबूरमध्ये कोट्यवधींचा फ्लॅट घेणाऱ्याला ही गोष्ट एजंट सांगत नाही, हे साहजिकच आहे.

देवनारबद्दल लिहिताना सगळे वासाबद्दल लिहितात. वास आहेच. पण वास हा इथला सगळ्यात प्रामाणिक धोका म्हणायचा, तो आधी वर्दी देतो. बाकीचे देत नाहीत.

डोंगर वरून निपचित दिसतो, आत मात्र काम चालू असतं. थरावर थर चढले की खालच्या ओल्या कचऱ्याला हवा मिळत नाही, आणि हवेवाचून कुजताना त्यातून मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड जवळपास निम्मे-निम्मे निघतात. मिथेनला वास नसतो. हवेत त्याचं प्रमाण 5 ते 15 टक्क्यांच्या दरम्यान आलं की ठिणगी पुरते. कुजण्याची स्वतःची उष्णता असते ती वेगळीच. 28 जानेवारी 2016ला लागलेल्या आगीचा धूर नासाच्या उपग्रहछायाचित्रांत दिसला, परिसरातल्या महापालिका शाळा बंद ठेवाव्या लागल्या. त्याच मार्चमध्ये पुन्हा आग, 2018ला पुन्हा. अग्निशमन दल बंब लावून दिवसचे दिवस पाणी मारतं, वरची ज्वाळा बसते, पण पाणी प्लास्टिकच्या थरांवरून ओघळून जातं आणि निखारा खाली धुमसत राहतो. पोकलेन लावून ढीग उकरावा तर आत हवा शिरते आणि विस्तव फुलतो. म्हणून ‘आग आटोक्यात’ ही देवनारची बातमी जरा सबुरीने वाचावी.

2016च्या आगीनंतर उच्च न्यायालयाने मुंबईत नव्या बांधकामांच्या परवानग्याच रोखल्या. कचरा कुठे जाणार याचा पत्ता नसताना इमारती कशा वाढवता, असा साधा सवाल होता. 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने ती बंदी सैल केली. आता शहरातल्या रोजच्या साडेसहा हजार टनांच्या आसपास कचऱ्यापैकी बहुतेक कांजूरमार्गला जातो, देवनारला थोडाच येतो. मात्र डोंगर जागचा हललेला नाही.

पावसाळ्यात दुसरी गोष्ट सुरू होते. मुरलेलं पाणी कचऱ्यातून झिरपत काळंकुट्ट होऊन तळाशी उतरतं. त्यात शिसं, पारा, अमोनिया, औषधांचे अंश, काय वाटेल ते असू शकतं. देवनारच्या तळाला अस्तर नाही. ज्या काळात ही जागा निवडली तेव्हा तशी कल्पनाही नव्हती. पाणी खाडीत जातं, आणि तीच ठाणे खाडी 2015 पासून फ्लेमिंगो अभयारण्य आणि 2022 पासून रामसर स्थळ आहे. भिजलेला उतार जड होतो, तेव्हा तो घसरूही शकतो. दिल्लीत गाझीपूरचा ढीग सप्टेंबर 2017ला असाच कोसळला आणि दोघांचा जीव गेला. फिलिपिन्समधल्या पायाटासला जुलै 2000 मध्ये दोनशेहून अधिक माणसं गाडली गेली, तीही पावसाच्या झडीनंतरच.

या उतारांवर पोटासाठी चढणाऱ्यांत बायका आणि पोरंही असत. 2016च्या आगीनंतर भिंत उंच झाली, कॅमेरे आले, पहारा आला. तरी भिंतीला वाट सापडतेच. हातात लोखंडी आकडा, खांद्यावर गोणी. डंपर पाठ वळवून माल ओतायला लागला की सगळ्यात चांगली चीज पहिल्यालाच मिळते, म्हणून तिथे झुंबड आणि तिथेच अपघात, कारण चालकाला मागचं दिसत नाही. काच आणि पत्रा कापतो, पण तो निदान दिसतो. सुई दिसत नाही.

सुई येते कुठून? दवाखान्याच्या कचऱ्याला पिवळी, लाल, पांढरी, निळी अशी वर्गवारी आहे, नियम आहेत, ते पाळले जातात असं धरून चालू. पण घरी इन्सुलिन टोचून घेणाऱ्यांच्या सुया, फुटलेल्या ट्यूबलाइट, त्यांतला पारा, फुगलेल्या मोबाइल बॅटऱ्या, कीटकनाशकाचे डबे हे आपल्याच स्वयंपाकघरातल्या पिशवीतून जातं. बॅटरी कॉम्पॅक्टरमध्ये दाबली गेली की गाडीतच पेटते. पिशवीला गाठ मारून आपण सुटतो. ती गाठ कुणीतरी हाताने सोडतं.

वेचलेला माल जातो काट्यावर, म्हणजे वजन करून घेणाऱ्या दुकानात. इथली जाण थक्क करणारी आहे. प्लास्टिकच्या तुकड्यावर नख मारून, तो जमिनीवर आपटून आवाजावरून जात ओळखतात. तेवढ्यानेही पटलं नाही तर लायटरने कड जाळायची, ज्योत विझवायची आणि धूर नाकाजवळ न्यायचा. मेणबत्तीसारखा वास आला तर एक भाव, झोंबला तर पीव्हीसी, बाजूला टाका. ही परीक्षा दिवसातून कितीदा होते याची कुणी नोंद ठेवत नाही. नाक हेच प्रयोगशाळेतलं उपकरण, आणि झिजतंही तेच.

तांब्याचं आणखी वेगळं. वायरीवरचं प्लास्टिक सोलत बसलं तर दिवसाची मजुरी निघत नाही, म्हणून गुंडाळी पेटवून देतात. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड निघतो आणि अर्धवट, कमी आचेच्या जळण्यातून डायॉक्सिन तयार होतात. गंमत म्हणावी की क्रौर्य, डायॉक्सिन बनायला तांबं स्वतःच हातभार लावतं. म्हणजे ज्या धातूसाठी आग लावली तोच विष वाढवतो. पुढे ते तांबं भट्टीत जाऊन स्वच्छ होतं, नव्या वायरीत येतं, आणि वेष्टनावर पुनर्वापराचं हिरवं चिन्ह उमटतं. पुनर्वापर वाईट, असं मला मुळीच म्हणायचं नाही. पण भंगाराचा भाव स्वस्त पडतो तो हे जळणं हिशेबात धरलं जात नाही म्हणून.

भंगारात काय येऊ शकतं याची हद्द दिल्लीच्या मायापुरीने 2010 मध्ये दाखवली. एका विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातलं वर्षानुवर्षं बंद पडलेलं गॅमा किरणांचं यंत्र लिलावात भंगारवाल्याकडे गेलं. कामगारांनी ते उघडलं. आत कोबाल्ट-60 होतं. काही जण किरणोत्साराने आजारी पडले, एकाचा मृत्यू झाला. यंत्र विकणारे शिकलेले होते, हे इथे विसरता येत नाही. देवनारच्या काट्यावर किरणोत्सार मोजणारं यंत्र असण्याचा प्रश्नच येत नाही. तिथे लोहचुंबक असतो.

आणि या सगळ्याच्या शेजारी, गोवंडीतच, शहरातल्या रुग्णालयांचा कचरा जाळणारा प्रकल्प वर्षानुवर्षं चालला. रहिवाशांनी दाद मागितल्यावर 2023 मध्ये उच्च न्यायालयाने तो दोन वर्षांत खालापूर तालुक्यात हलवायला सांगितलं. देवनारचा कत्तलखाना इथेच, तुर्भ्याकडे अणुसंशोधन केंद्र, चेंबूरला खत कारखाना, माहूलला तेलशुद्धीकरण. शहराला जे हवं असतं पण दारात नको असतं, ते सगळं या पट्ट्यात येऊन बसलं. मुंबईच्या 2009च्या मानव विकास अहवालात हा एम-पूर्व विभाग तळाला होता. मृत्यूच्या वेळचं सरासरी वय चाळीसच्याही आत. हा आकडा अनेकदा ‘इथली माणसं चाळिशीत मरतात’ असा वाचला जातो, ते बरोबर नाही, त्यात दगावलेली अर्भकं मोजलेली असतात. पण आकडा खाली ओढण्याइतकी बाळं दगावतात, याने दिलासा कुणाला मिळावा?

आता डोंगर हलवायचं ठरलंय. ऑक्टोबर 2024 मध्ये राज्य सरकारने धारावीच्या पुनर्विकासासाठी इथली 124 एकर जागा द्यायचं मंजूर केलं, आणि 2025 मध्ये महापालिकेने 1 कोटी 85 लाख टन जुना कचरा तीन वर्षांत उपसण्याची निविदा काढली. पद्धत माहितीतली आहे, पुण्याजवळ उरुळी देवाचीलाही वापरली गेलीय. थर उकरायचे, जिवाणूंचं पाणी शिंपडून पसरायचे, फिरत्या चाळणीतून काढायचे. प्लास्टिक-चिंध्या सिमेंटच्या भट्टीला इंधन म्हणून, दगडमाती भरावाला. गोराईची क्षेपणभूमी 2007ला बंद केली तेव्हा डोंगर न हलवता वरून झाकला आणि आतला वायू नळ्यांनी बाहेर काढला. पण ती जागा वीस हेक्टरांची, इथल्या एका कोपऱ्याएवढी.

उकरणं म्हणजे शंभर वर्षांचा कोंडलेला वायू मोकळा होणं, काळं पाणी नव्या वाटा शोधणं आणि बारीक धूळ वाऱ्यावर जाणं. गणित तर अवघडच आहे. तीन वर्षं एकही सुट्टी न घेता काम झालं तरी दिवसाला जवळपास 17 हजार टन होतात, मुंबईच्या रोजच्या कचऱ्याच्या अडीचपटीहून जास्त. पावसाळ्याचे चार महिने वजा केले की आकडा 25 हजारांपर्यंत चढतो. चाळून निघालेल्या मातीत जड धातू किती, हे प्रत्येक खेपेला तपासायचं म्हटलं तर काम लांबेल, न तपासता पाठवलं तर कुणाच्या तरी रस्त्याखाली, कुणाच्या तरी भरावात ती जाईल. निविदेत मुदत आहे, टन आहेत, दर आहेत. 1927 पासून त्या थरांत काय-काय पडलं याची यादी मात्र कुठल्याच दप्तरात नाही, आणि पोकलेनच्या चालकाला ती आधी पाहायला मिळणार नाही.