माल बघायला परदेशात निघालात? तुमची मेडिक्लेम विमानात चढत नाही!

चीनमध्ये ग्वांगझूला कँटन फेअरचं प्रदर्शन वर्षातून दोनदा भरतं, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये. दोन्ही वेळा आमच्या बॅचमधल्या कुणाची ना कुणाची धावपळ सुरू होते. तिकीट, व्हिसा, हॉटेल, दुभाषी, सगळ्याची चौकशी होते. इन्शुरन्सचं विचारलं की उत्तर ठरलेलं: "आहे ना सर, फॅमिलीची दहा लाखांची मेडिक्लेम आहे."

अहो, ती इथली झाली. आपल्याकडच्या बहुतेक मेडिक्लेम पॉलिसी भारतात घेतलेल्या उपचारांचेच पैसे देतात. तिकडे अचानक पोटात दुखायला लागलं, ॲडमिट व्हावं लागलं, तर चीनमधली हॉस्पिटलं साधारणपणे आधी डिपॉझिट भरायला सांगतात. ते कुठून भरणार? सॅम्पल आणि ॲडव्हान्ससाठी नेलेल्या पैशातूनच ना? म्हणजे अपेंडिक्स तुमचं दुखलं आणि ऑपरेशन दुकानाच्या भांडवलाचं झालं.

युरोपात जाणाऱ्यांकडे पॉलिसी असतेच, कारण शेंगेन व्हिसासाठी किमान 30,000 युरोचं मेडिकल कव्हर दाखवावं लागतं. पण फ्रँकफर्टच्या प्रदर्शनाला जाणारे आपले लोक एजंटला सांगतात, "व्हिसा पास होईल तेवढी स्वस्तातली काढा." व्हिसाचं काम होतं, पण पॉलिसीत काय लिहिलंय ते कुणी वाचत नाही. दुकानाचा भाडेकरार वाचता तशी ही वाचा.

पहिलं बघा डिडक्टिबल. म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये सुरुवातीची किती रक्कम तुमच्या खिशातून जाणार. समजा 100 डॉलर डिडक्टिबल आहे आणि डॉक्टर-औषधं मिळून बिल 80 डॉलर झालं, तर कंपनी एक पैसाही देणार नाही. बिल 2,000 झालं तर 1,900 चा विचार होईल. स्वस्त प्रीमियमचं गुपित बऱ्याचदा इथेच असतं.

दुसरी गोष्ट जास्त गंभीर आहे. शुगर, बीपी, जुनी ॲन्जिओप्लास्टी, हे फॉर्ममध्ये लिहायचं की नाही? "लिहू नका, प्रीमियम वाढेल" असं सांगणारे भेटतात. माझं स्पष्ट मत आहे, लिहाच. क्लेम आला की कंपनी जुने रिपोर्ट मागते, आणि लपवलेलं सापडलं की क्लेम नाकारायला तिला आयतं कारण मिळतं. आता लिहिलं म्हणून सगळं कव्हर होतं असंही नाही. अनेक पॉलिसी जुन्या आजारासाठी फक्त जीव धोक्यात असतानाचा तातडीचा उपचार देतात, काही तोही देत नाहीत. म्हणून नेमकं वाक्य शोधून वाचा आणि शंका असेल तर कंपनीकडून ईमेलवर उत्तर घ्या. तोंडी उत्तराला क्लेमच्या वेळी किंमत नसते. (जीएसटीच्या नोटिशीला "सीए तोंडी म्हणाले होते" चालतं का? तसंच.) दारू पिऊन झालेल्या अपघाताचे पैसेही बहुतेक पॉलिसीत मिळत नाहीत. सप्लायरच्या डिनरला जाताना लक्षात असू द्या.

बॅगेचं कव्हर असतं, पण त्यात सहसा तुमचं वैयक्तिक सामान येतं. विक्रीचा माल आणि सॅम्पल बऱ्याच पॉलिसीत वगळलेले असतात, त्यामुळे महागडी सॅम्पल कुरिअरने, वेगळा विमा काढून पाठवणं बरं. बॅग आलीच नाही, तर विमानतळाच्या बाहेर पडायच्या आधी एअरलाइनच्या काउंटरवर लेखी तक्रार नोंदवून तिची प्रत घ्या. बोर्डिंग पासही फेकू नका.

पॉलिसी भारतातून निघायच्या आधीच काढायची असते. वर्षातून तीन-चार फेऱ्या होत असतील तर वार्षिक मल्टि-ट्रिप पॉलिसीचा भाव काढून बघा, फक्त एका फेरीला किती दिवसांची मर्यादा आहे ते तपासा. सप्लायरच्या फॅक्टऱ्या बघता बघता मुक्काम वाढला, तर मुदत संपायच्या आधी वाढवून घ्या.

आणि ॲडमिट व्हायची वेळ आली तर पहिला फोन पॉलिसीवरच्या मदत क्रमांकाला, नातेवाइकांना नंतर. कॅशलेसची सोय तिथूनच होते. चीनला जाणाऱ्यांनी एक काम आजच करा. तिथल्या हॉटेलच्या वाय-फायवर व्हॉट्सॲप आणि जीमेल साधारणपणे उघडत नाही, आणि आपल्यातल्या निम्म्या लोकांची पॉलिसी तिथेच पडून असते. पीडीएफ फोनमध्ये डाउनलोड करा, एक प्रिंट पासपोर्टच्या कव्हरमध्ये ठेवा आणि एक घरी देऊन जा.